गिटारचीही आधी बैठक बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की ‘पंधरा दिवसांत गिटार’, ‘महिनाभरात दहा गाणी’ असे फलक चौकाचौकांत लागतात आणि जूनमध्ये त्याच वर्गांच्या नियमित तुकड्या भरतात. हल्ली त्यांतल्या बऱ्याच फलकांवर ‘क्लासिकल गिटार’ असेही लिहिलेले असते. गाण्याच्या साथीसाठी स्टीलच्या तारांची गिटार शिकायची असेल, तर चार कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूरसमूह) शिकून लगेच गाणे धरायला काहीच हरकत नाही. क्लासिकल गिटारचे गणित वेगळे आहे. तिथे चाल, खर्जाची ओळ आणि मधले सूर हे सगळे एकच माणूस आठ बोटांनी वाजवतो. त्यामुळे पहिले तीन-चार महिने गाण्यांचे नसतात, हात बसवण्याचे असतात. सतारीत आधी बैठक आणि मिझराबचे (बोटातल्या तारेच्या नखीचे) बोल पक्के करून घेतात, तबल्यात ‘ना’चा निकास साफ झाल्याशिवाय कायदा (विस्तार करायची रचना) मिळत नाही, आणि त्याबद्दल कोणी पालक कुरकुरत नाहीत. गिटारच्या वर्गात मात्र दुसऱ्याच आठवड्यात विचारणा होते, ‘अजून एकही गाणे नाही?’ शिक्षक मग गाणे देऊन मोकळे होतात. वर्षभराने मुलाचे मनगट दुखू लागते किंवा वेग एका जागी अडकतो, तेव्हा ‘त्याचा हातच तसा आहे’ म्हणून विषय संपतो. हाताचा दोष क्वचितच असतो. म्हणून वर्ग लावण्याआधी आणि लावल्यावर काय पाहावे, ते गिटार शिकवणारे म्हणून वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी वाद्य. क्लासिकल गिटारच्या तीन बारीक तारा सलग नायलॉनच्या असतात. तीन जाड तारांत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा असतो आणि त्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेची नटपासून (मानेच्या डोक्याकडची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ब्रिजपर्यंतची (गिटारच्या अंगावरची, तारा बांधायची पट्टी) लांबी साधारण ६५० मिमी आणि नटपाशी मानेची रुंदी ५० ते ५२ मिमी. स्टीलच्या गिटारची मान तिथे ४३ मिमीच्या आसपास असते. हा सात ते नऊ मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण उजव्या हाताची बोटे दोन तारांच्या मध्ये मोकळी फिरायला तीच जागा लागते. सहा नायलॉन तारांचा एकत्रित ताण ३५-४० किलोंच्या घरात असतो, स्टीलच्या तारांचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. ‘आवाज खणखणीत यावा’ म्हणून क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवून देणारे दुकानदार आजही आहेत. काही महिन्यांत पाटीला (गिटारच्या पुढच्या लाकडी फळीला) पोक येतो किंवा ब्रिज मुळासकट उखडतो. ही गिटार एवढ्या ताणासाठी बनवलेलीच नसते. तिचा आजचा आकार आणि पाटीखालच्या पंख्यासारख्या पट्ट्यांची रचना १९व्या शतकात स्पेनमधल्या आंतोनियो दे तोर्रेस यांनी रूढ केली, तेव्हा तारा आतड्याच्या असत. नायलॉन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

विकत घेताना बाराव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) तारेची उंची मोजावी. पहिल्या (सर्वांत बारीक) तारेखाली ३ मिमी आणि सहाव्या (सर्वांत जाड) तारेखाली ४ मिमी ठीक. पाच-सहा मिमी असेल तर मूल तार दाबण्यातच दमेल. सात-आठ वर्षांच्या मुलाला पूर्ण आकाराची गिटार ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेऊ नये. उजवा खांदा कानाकडे चढतो, डावा हात पूर्ण ताणला जातो आणि तेच वळण लागते. त्या वयाला ५३० मिमी, दहाच्या आसपास ५८० मिमी लांबीची गिटार पुरते. आकार ठरवताना वयापेक्षा हाताच्या लांबीकडे पाहावे.

आता बैठक. वर्गात पाऊल टाकल्यावर भिंतीवरच्या प्रमाणपत्रांआधी खुर्च्या पाहाव्यात. खुर्ची बिनहातांची आणि सपाट बुडाची हवी, आणि बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. हातांच्या प्लास्टिक खुर्च्या यासाठी निरुपयोगी. हात गिटारच्या आड येतात आणि बूड मागे उतरते असल्यामुळे कंबर घसरते. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचे. डावा पाय फूटस्टूलवर, मोठ्या माणसाला साधारण १२ ते १६ सेंमी उंचीवर. गिटारची कंबर डाव्या मांडीवर, खालचा फुगीर भाग उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, पाठीची वरची कड छातीच्या मध्याला, आणि उजवा हात कोपराच्या थोडा पुढे गिटारच्या वरच्या कडेवर टेकलेला. हे चार टेकू. मानेचे टोक साधारण डोळ्यांच्या पातळीला येते.

बैठक बरोबर आहे की नाही, हे पालकालाही तपासता येते. मुलाला डावा हात मानेवरून काढून मांडीवर ठेवायला सांगा. गिटार जागची हलली नाही, तर ठीक. मान खाली झुकली, तर इतके दिवस डावा हात वाजवायचे सोडून वाद्य उचलून धरत होता. दुसरी खोड म्हणजे फ्रेट दिसावेत म्हणून गिटारचे तोंड आकाशाकडे फिरवणे. मग पाठीला बाक येतो, डावे मनगट दुमडते आणि उजव्या हाताची बोटे तारांना चुकीच्या कोनातून भिडतात. गिटार जवळजवळ उभी ठेवायची. बोटांची जागा बघण्यापेक्षा हाताला कळू द्यायची. फूटस्टूलने कंबर एका बाजूला उचलली जाते, हे खरे. ज्यांची पाठ दुखते त्यांनी गिटारला चिकटवायचा सक्शन कपचा आधार किंवा मांडीवरची उशी वापरावी, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर राहतात. मात्र शेलॅकच्या (लाखेच्या) पॉलिशच्या महागड्या गिटारवर सक्शन कप थेट लावू नये, पॉलिश निघते.

सर्वांत जास्त वेळ उजव्या हाताला द्यावा लागतो आणि सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांना स्पॅनिश नावांवरून पी, आय, एम, ए म्हणतात. करंगळी सहसा वाजवत नाही. सुरुवातीची जागा अशी: अंगठा सहाव्या, पाचव्या किंवा चौथ्या तारेवर, तर्जनी तिसरीवर, मध्यमा दुसरीवर, अनामिका पहिलीवर. हात साउंडहोलच्या (पाटीवरच्या गोल भोकाच्या) ब्रिजकडच्या कडेजवळ. मनगट डावीउजवीकडे मुडपलेले नको. पाटीपासून ते थोडे वर, पण मोराच्या मानेसारखे उंचही नको. अंगठा बोटांच्या पुढे, म्हणजे फ्रेटबोर्डच्या बाजूला राहतो आणि समोरून पाहिले तर अंगठा-तर्जनीची फुली दिसते. अंगठा बोटांच्या मागे, तळहातात शिरला की दोघे एकमेकांना अडवणारच.

एकच आघात सावकाश करून पाहा. मध्यमा दुसऱ्या तारेवर टेकवा, बोटाच्या टोकाचे मांस आणि नख दोन्ही तारेला लागतील अशी. आता पंज्याच्या मूळ सांध्यातून बोट ढकला. तार आधी पाटीच्या दिशेने किंचित आत जाते, मग बोटाखालून सुटते. सुटलेले बोट तळहाताकडे जाते आणि लगेच सैल पडून जागेवर येते. पंजा हललेला नसतो. नवशिका याच्या नेमके उलट करतो. मधल्या सांध्यातून बोटाचा आकडा करून तार बाहेर ओढतो आणि पंजा दर सुरागणिक उसळतो. तार अशी वर खेचली की फ्रेटवर आपटून चटचटते आणि आवाज पातळ येतो. आत दाबून सोडलेली तार पाटीला काटकोनाकडे झुकलेल्या दिशेत कंप पावते, म्हणून पाटी जास्त हलते आणि सूर भरीव होतो. शिकणाऱ्याला हे कानानेही ओळखता येते. त्याला फक्त दोन्ही आघात लागोपाठ ऐकवावे लागतात.

वाजवून बोट हवेत सुटते तो तिरांदो. शेजारच्या जाड तारेवर जाऊन टेकते तो आपोयांदो. आधी कोणता शिकवावा यावर शिक्षकांत जुना वाद आहे. आपोयांदोने बोटाला आधार मिळतो आणि पहिल्या दिवसापासून दणदणीत सूर येतो, हे खरे. पण पुढे आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) आणि कॉर्ड सगळे तिरांदोने वाजतात, आणि आपोयांदोत मुरलेला पंजा तिरांदोसाठी पुन्हा बसवावा लागतो. आमच्या मते तिरांदो आधी.

पहिले तीन-चार आठवडे डावा हात मांडीवर ठेवून फक्त मोकळ्या तारा वाजवाव्यात. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) ६० वर. अंगठ्याने सहावी, पाचवी, चौथी, प्रत्येकी चार ठोके. मग एकाच तारेवर तर्जनी-मध्यमा आळीपाळीने. इथे शिक्षकाची नजर हवी, कारण तार बदलताना मुले तेच बोट पुन्हा वापरतात, आणि ही चूक आवाजावरून कळत नाही. त्यानंतर चारही बोटे तारांवर आधीच टेकवून एकेक सोडायची: अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका. करंगळीकडे लक्ष ठेवावे. ती अँटेनासारखी ताठ उभी असेल, तर अनामिकेतही ताण आहे असे समजावे, कारण दोघींची हालचाल एकमेकींत गुंतलेली असते. करंगळी पाटीवर टेकवून आधार घेणे जुन्या ल्यूटवाल्यांत (ल्यूट हे युरोपातले जुने तंतुवाद्य) चालत असे, इथे नको. १९व्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात गिटारवादक मौरो जुलियानीने उजव्या हातासाठी १२० आर्पेजिओ लिहिले. त्या सर्वांत डाव्या हाताला कॉर्ड दोनच आहेत, सी आणि जी सेव्हन. उजव्या हाताशिवाय कशाकडेही लक्ष जाऊ नये, ही त्यातली मेख. आजही त्यातले पहिले दहा नीट झाले तर वर्षाची कमाई झाली.

नखांचा प्रश्न आपल्याकडे शाळेच्या दारात अडतो. सोमवारी नखांची तपासणी असते आणि रविवारी रात्री आई दोन्ही हातांची नखे साफ करून टाकते. डाव्या हाताची नखे तशीच कापलेली हवीत, त्यात तडजोड नाही. उजव्या हाताची मात्र पहिल्या सहा महिन्यांत नसली तरी काही बिघडत नाही. नुसत्या मांसाने वाजवणे कमीपणाचे नाही. जुन्या काळातले गिटारवादक फर्नांदो सोर बिननखांचे वाजवत आणि फ्रांसिस्को तारेगा यांनीही उतारवयात नखे सोडली होती. पुढे नख वाढवायचे ठरल्यावर शाळेला चार ओळींची चिठ्ठी द्यावी. नख तळहाताच्या बाजूने पाहिले असता बोटाच्या टोकापुढे एक ते दीड मिमी दिसावे, अंगठ्याचे थोडे अधिक. कात्रीने किंवा नेलकटरने कापू नये, कड फाटते. काचेच्या कानशीने आकार द्यावा आणि मग १००० किंवा २००० नंबरच्या पॉलिशपेपरने कड गुळगुळीत करावी. वरवर गुळगुळीत दिसणारी कडही तारेवर खरखरते, विशेषतः जाड तारांवर. आकार नुसता गोल नसतो. तार बोटाच्या डाव्या बाजूने आत येते आणि नखावरून चढत सुटते, म्हणून ती बाजू उतरती ठेवतात. नख आकड्यासारखे खाली वळत असेल, तर जवळजवळ मांसाइतके आखूड ठेवणेच बरे. भांडी-कपडे धुतल्यावर नखे मऊ झालेली असतात, तेव्हा लगेच कानस लावू नये.

डावा हात पहिल्या फ्रेटपासून सुरू करण्याची सगळीकडे पद्धत आहे आणि ती मुलांवर अन्याय करणारी आहे. ६५० मिमीच्या गिटारवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर १३४ मिमी आहे. चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे १०६ मिमी. म्हणजे पाचव्या जागेवर तीच चार बोटे जवळजवळ तीन सेंमी कमी ताणावी लागतात आणि कोपरही अंगाजवळ राहतो. तिथे सुरू करून आठवड्याला एकेक फ्रेट नटकडे सरकावे. बोट फ्रेटच्या अगदी मागे, त्याच्यावर नव्हे आणि मधोमधही नव्हे. मधोमध दाबले की दुप्पट जोर लावूनही सूर घोगरा येतो. बोटाचे टोक टेकवायचे आणि शेवटचे पेर आत मोडू द्यायचे नाही. अंगठा मानेच्या मागे, साधारण दुसऱ्या बोटासमोर, सरळ आणि सैल. तो मानेवरून डोकावला की करंगळी जाड तारांपर्यंत पोचत नाही.

किती जोर लावायचा, हे सांगून कळत नाही. त्यासाठी एक कसोटी आहे. तारेवर बोट नुसते ठेवा आणि उजव्या हाताने तीच तार पुन्हा पुन्हा वाजवत राहा. डाव्या बोटाचा दाब हळूहळू वाढवा. आधी ठप्प आवाज, मग चरचर, मग एकदम स्वच्छ सूर. तो सूर आला तिथेच थांबा. बहुतेकांना कळते की आपण रोज याच्या तिप्पट जोर लावत होतो. हाच हिशेब बारेलाही लागतो. बारे म्हणजे तर्जनी आडवी टाकून अनेक तारा दाबणे. मुले अंगठा आणि तर्जनीचा चिमटा करतात आणि दोन मिनिटांत अंगठ्याचा बुंधा भरून येतो. तर्जनी किंचित अंगठ्याकडच्या बाजूवर कलती ठेवावी, म्हणजे हाडाची कड तारेवर येते. हाताचे वजन मागे लोंबू द्यावे आणि ज्या तारा खरोखर वाजायच्या आहेत तेवढ्याच दाबाव्यात. पहिल्या वर्षात पूर्ण बारे नको, आणि करायचा झाल्यास पाचव्या-सातव्या फ्रेटवर. पहिल्या फ्रेटवरचा एफ हा सर्वांत कठीण बारे आहे आणि नेमका तोच सगळ्यांना आधी शिकवला जातो!

सरावाबद्दल थोडक्यात. मुलांना रोज वीस मिनिटे दोनदा, मोठ्यांना पाऊण तास, मध्ये पाच मिनिटे हात खाली सोडून. आठवडाभराचे रविवारी एकदम भरून काढता येत नाही. वेग वाढवायचा तर मेट्रोनोम चारचारने वर न्यावा आणि पंजा आवळला जातो आहे असे वाटताच दोन पायऱ्या खाली यावे. बोटांची टोके हुळहुळणे पहिले काही आठवडे स्वाभाविक आहे. मनगट, कोपर किंवा अंगठ्याच्या बुंध्यात कळ येणे स्वाभाविक नाही. तिथे सराव थांबवून बैठक तपासावी. ‘दुखले तरी वाजव, सवय होईल’ हा सल्ला देणाऱ्याकडे मूल पाठवू नये.

नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकवावेच. टॅबमध्ये (तारा आणि फ्रेटचे आकडे दाखवणाऱ्या लिपीत) बोट कुठे ठेवायचे ते कळते, पण खर्जाचा सूर चार मात्रा धरून ठेवायचा आणि वरची चाल त्यावर चालवायची, हे दिसत नाही. मग मुले दर सुराला बोट उचलतात.

परीक्षांविषयी बोलायला हवे. मुंबई, पुणे आणि गोव्यात ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या ग्रेड परीक्षांना बसण्याची रीत आहे. अभ्यासक्रम चांगले आहेत. स्केल, तांत्रिक भाग, अनोळखी रचना पाहून लगेच वाजवणे, सगळे त्यात असते. बिघाड वापरात आहे. तीन रचना घोकून वर्ष काढायचे, प्रमाणपत्र आले की वरच्या ग्रेडच्या तीन घ्यायच्या, असे केले तर पाचव्या ग्रेडच्या मुलाला पहिल्या ग्रेडची अनोळखी रचना समोर ठेवल्यावर वाजवता येत नाही. एका ग्रेडच्या तीन रचनांबरोबर त्याच पातळीच्या किमान आठ-दहा सोप्या रचना वर्षात व्हायला हव्यात. ज्यांना घाई आहे त्यांनी एखादी ग्रेड गाळावी; खालची दिल्याशिवाय वरची देता येत नाही असे नाही.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून वाद्याच्या निगेचेही सांगतो. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि कोकणपट्टीत जुलैमध्ये ती ८० च्या वर असते. स्प्रूस किंवा सीडारच्या लाकडाची पाटी ओल पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारांची उंची वाढते. मे महिन्यात सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये कडक लागते ती यामुळे. वाजवून झाली की गिटार केसमध्ये, सोबत रंग बदलणारी सिलिका जेलची पुडी, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून कधीच नाही. विदर्भात एप्रिल-मेमध्ये याच्या उलट होते. लाकूड आटते, फ्रेटची टोके कडेने बोचू लागतात आणि पाटी तडकते. पाचसहाशे रुपयांचा आर्द्रतामापक केसमध्ये ठेवला तर अंदाज बांधावा लागत नाही. घामट हातांनी जाड तारा दोन-तीन महिन्यांत बद्द होतात. बारीक तारा त्याहून बऱ्याच जास्त टिकतात, म्हणून दर वेळी पूर्ण संच बदलण्याची गरज नाही. पहिली तार ब्रिजला बांधताना स्वतःभोवती तीन वेढे द्यावेत आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली अडकवावा. एका वेढ्यावर सोडली तर ती निसटते आणि टोकाच्या फटक्याने पाटीवर खळगा पडतो.

एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. पुरवणीत संगीतवर्गांची यादी छापता, त्यात गिटारच्या वर्गापुढे तीन गोष्टी विचारून छापाव्यात: नायलॉनच्या तारांची गिटार शिकवतात की स्टीलच्या, एका शिक्षकामागे एका वेळी मुले किती, आणि नोटेशन शिकवतात का. एका खोलीत पंधरा मुले बसवून उजव्या हाताचा आघात तपासता येत नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत चारपेक्षा जास्त मुले नकोत, आणि जागा कमी असेल तर आठवड्यातून अर्धाच तास पण एकट्याला द्यावा.

कळावे.
आपले नम्र,
काही गिटारशिक्षक, पुणे